स्वमग्न मुलांच्या पालकांचे प्रशिक्षण : दोषारोपापासून सहचिकित्सेपर्यंतचा इतिहास आणि यवतमाळ जिल्हा

प्रस्तावना :

मराठी इतिहासलेखनात अपंगत्वाचा इतिहास हा विषय अजून पुरेसा रुळलेला नाही. त्यातही घराच्या उंबरठ्याआड घडणारा, दप्तरांत आणि गॅझेटियरांत न उमटणारा संगोपनाचा इतिहास आपल्या अभ्यासकक्षेच्या बाहेरच राहिला आहे. स्वमग्न मुलाला सांभाळणारी आई काय पाहते, काय शिकते आणि तिला कोण काय शिकविते, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा किंवा विशेष शिक्षणाचा वाटतो. परंतु गेल्या ऐंशी वर्षांत या आईकडे पाहण्याची समाजाची आणि शास्त्राची दृष्टी तीनदा बदलली. ती प्रथम आरोपी ठरली, नंतर सहचिकित्सक ठरली आणि आज अनेक ठिकाणी ती एकटीच चिकित्सक ठरू पाहत आहे. हा बदल काळाच्या ओघात आणि विशिष्ट परिस्थितीत घडला असल्याने तो इतिहासाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखात स्वमग्न मुलांच्या पालकांना वर्तनविषयक साहाय्याचे प्रशिक्षण देण्याच्या कल्पनेचा उगम व विकास तपासून, यवतमाळसारख्या ग्रामीण व बहुभाषिक जिल्ह्यासाठी त्यातून कोणता बोध निघतो याची चर्चा केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) पालकांविषयीच्या शास्त्रीय दृष्टिकोनात झालेल्या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) भारतातील, विशेषतः गोवा व महाराष्ट्र परिसरातील प्रयत्नांचे स्वरूप समजून घेणे.
३) यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात पालक-प्रशिक्षणाच्या शक्यता व मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती :

सदर लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन, कायदे व जनगणनेची नोंदपद्धती यांचा आधार घेतला आहे. एका ठिकाणी प्रस्तुत लेखकाचे व्यक्तिगत निरीक्षण केवळ उदाहरणादाखल दिले आहे. त्यावरून कोणताही सर्वसाधारण निष्कर्ष काढलेला नाही.

१. संज्ञेचा विचार :

‘ऑटिझम’ हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ यूजेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी छिन्नमनस्कतेच्या संदर्भात घडविला. ग्रीक भाषेतील ‘स्व’ या अर्थाचा शब्द त्याच्या मुळाशी आहे. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ हा प्रतिशब्द रूढ झाला. शब्द सुटसुटीत आहे. परंतु त्यात एक निर्णयही दडलेला आहे. मूल स्वतःत मग्न आहे म्हणजे त्याला बाहेर यावयाचे नाही, असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात सहज उमटतो. वस्तुस्थिती तशी नाही. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अशी आजन्म राहणारी विकासात्मक अवस्था आहे. सामाजिक संवादातील अडचण, ठरावीक कृतींची पुनरावृत्ती, बदलाची भीती, तसेच आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयीची तीव्र किंवा मंद संवेदना ही तिची लक्षणे होत. अशा अनेक मुलांना संपर्क हवा असतो, परंतु तो साधण्याची आपली नेहमीची रीत त्यांना जुळत नाही.

ग्रामीण भागात या अवस्थेला स्वतंत्र नाव क्वचितच मिळते. ‘उशिरा बोलेल’, ‘घरात लाडावले’, ‘बाहेरची बाधा झाली’ अशा उत्तरांत मुलाची पहिली महत्त्वाची वर्षे निघून जातात. नाव नसल्याने नोंद होत नाही, आणि नोंद नसल्याने सेवेची मागणीही उभी राहत नाही. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

२. दोषारोपाचा कालखंड :

अमेरिकेतील बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणांवर आधारित लेख प्रसिद्ध केला. त्यात आठ मुलगे व तीन मुली होत्या. पुढील वर्षी, १९४४ मध्ये, व्हिएन्ना येथे हान्स ॲस्पर्गर यांनी काहीशा समान लक्षणांच्या मुलांविषयी लिहिले. आधुनिक स्वमग्नता-विचाराचा आरंभ सामान्यतः या दोन लेखनांपासून मानला जातो.

कॅनर यांच्या लेखातील पहिले मूल म्हणजे मिसिसिपी राज्यातील डोनाल्ड. त्याला कॅनर यांच्याकडे आणण्यापूर्वी वडिलांनी मुलाच्या वागण्याचे तपशीलवार टिपण पाठविले होते. ते टंकलिखित तेहतीस पृष्ठांचे होते. मूल केव्हा काय म्हणते, कोणत्या वस्तू गोल फिरविते, कोणत्या बदलाने बिथरते, हे सर्व त्यात होते. कॅनर यांचे पहिले वर्णन बऱ्याच अंशी या टिपणावर उभे आहे. म्हणजेच स्वमग्नतेच्या शास्त्राचा पहिला आधार हा एका पालकाच्या निरीक्षणाचा होता. परंतु त्याच लेखात कॅनर यांनी त्या टिपणातील बारकाव्यांचा अतिरेक हा पालकांच्या काटेकोर, झपाटलेल्या स्वभावाचा नमुना म्हणून नोंदविला. ज्या निरीक्षणाने शास्त्र घडविले तेच निरीक्षण पालकाविरुद्धचा पुरावा ठरावे, ही या इतिहासातील पहिली विसंगती होय.

कॅनर यांनी याच लेखात मुलांमधील ही अक्षमता जन्मजात असावी असेही म्हटले होते. तथापि पुढील दोन दशकांत मनोविश्लेषणवादाचा प्रभाव वाढला आणि आईच्या भावनिक थंडपणामुळे मूल स्वतःत मिटून जाते, हे मत बळावले. ‘रेफ्रिजरेटर आई’ हा निर्दय शब्दप्रयोग याच काळातील. शिकागो येथील ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथाद्वारे हे मत सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. साहजिकच उपचार म्हणजे मुलाला आईपासून दूर करून संस्थेत ठेवणे, असे समीकरण रुजले. ज्या व्यक्तीला आजाराचे कारण मानले जाते तिच्या हाती उपचार कोण देणार? त्यामुळे या काळात पालक-प्रशिक्षणाची कल्पना रुजणेच कठीण होते.

या मताला पहिला भक्कम तडाखा एका पालकानेच दिला. अमेरिकी नौदलात मानसशास्त्रज्ञ असलेले बर्नार्ड रिमलँड यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ साली ग्रंथ लिहून स्वमग्नतेची कारणे जैविक असल्याचे साधार मांडले. १९६५ मध्ये अमेरिकेत पालकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ब्रिटनमध्ये अशी संघटना १९६२ मध्येच स्थापन झाली होती. १९६९ साली या अमेरिकी संघटनेच्या मेळाव्यात स्वतः कॅनर यांनी पालकांना दोषमुक्त केले. एका पिढीतील मातांना मात्र ही दोषमुक्ती फार उशिरा मिळाली.

३. वर्तनवादी वळण :

दोषारोपाचा हा वाद चालू असतानाच वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ निराळा प्रश्न विचारीत होते. मूल असे का झाले, यापेक्षा या क्षणी ते असे का वागते आणि त्याला दुसरे काय शिकविता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. १९६४ साली वुल्फ, रिसली व मीस यांनी वॉशिंग्टन राज्यातील डिकी नावाच्या साडेतीन वर्षांच्या मुलाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याने चष्मा लावला नाही तर दृष्टी जाण्याचा धोका होता आणि मूल चष्मा लावू देत नव्हते. त्याला प्रथम काचा नसलेली रिकामी चौकट हाताळण्याबद्दल, नंतर ती डोळ्यांजवळ नेण्याबद्दल बक्षीस देत क्रमाने चष्म्यापर्यंत आणले गेले. हे काम तज्ज्ञांच्या सूचनेनुसार रुग्णालयातील परिचारक आणि मुलाचे आईवडील करीत होते. पालकांच्या हातून वर्तनोपचार करून घेण्याच्या आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते.

या पद्धतीचे तत्त्व थोडक्यात असे सांगता येईल. प्रत्येक वर्तनाच्या आधी काही घडते आणि नंतर काही घडते. पूर्वघटना, वर्तन व परिणाम या तीन कड्या नोंदविल्या की वर्तनाचे प्रयोजन दिसू लागते. समजा, लग्नाच्या पंगतीत एक मूल ताट भिरकावते. आई त्याला उचलून मांडवाबाहेर नेते आणि ते शांत होते. पाहणाऱ्यांना मूल हट्टी वाटते. प्रत्यक्षात बँडचा आवाज त्याला असह्य झालेला असतो आणि ताट फेकले की सुटका होते, हे त्याच्या अनुभवाने त्याला शिकविलेले असते. येथे शिक्षा करून उपयोग नाही. त्याला आवाजापासून आधीच दूर बसविणे आणि ‘पुरे’ हे सांगण्याची एखादी खूण, चित्र किंवा शब्द शिकविणे, तसेच त्या खुणेला तत्काळ प्रतिसाद देणे, हा मार्ग होय. योग्य वर्तनानंतर मुलाला हवेसे काही मिळाल्याने ते वर्तन वाढते, यालाच मानसशास्त्रात धन प्रबलन म्हणतात. मोठे काम लहान पायऱ्यांत विभागणे आणि दिलेली मदत क्रमाने कमी करणे, हे याचेच पुढील भाग होत.

ही तत्त्वे पालकांच्या हाती का द्यावीत, याचे उत्तर लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील इव्हार लोव्हास व सहकाऱ्यांच्या १९७३ च्या अभ्यासाने दिले. उपचार घेतलेल्या वीस मुलांचा नंतर मागोवा घेतला असता, जी मुले संस्थेत परतली त्यांनी मिळविलेले बरेचसे गमावले; ज्यांच्या पालकांना प्रशिक्षण दिले होते ती मुले टिकून राहिली किंवा पुढे गेली. शिकलेली गोष्ट ज्या घरात वापरावयाची त्या घरातील माणसांनाच ती येत नसेल, तर ती टिकत नाही, हा या अभ्यासाचा साधा परंतु दूरगामी अर्थ होता.

तथापि या परंपरेची दुसरी बाजू लपविणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. लोव्हास यांच्या आरंभीच्या कामात चापट मारणे व विजेचा धक्का देणे यांसारख्या शिक्षांचा वापर झाला होता. त्यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात आठवड्याला चाळीस तासांचे शिक्षण घेतलेल्या १९ मुलांपैकी ९ मुले सर्वसामान्य शाळेत समवयस्कांच्या बरोबरीने शिकू लागल्याचे नमूद होते. परंतु त्यातील गटांची विभागणी यादृच्छिक पद्धतीने झालेली नव्हती आणि नंतरच्या अभ्यासांत इतके मोठे यश आढळले नाही. पुढे स्वमग्न प्रौढ व्यक्ती स्वतः बोलू लागल्या. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना आवाहन केले की आमच्या असण्याचा शोक करू नका. मूल ‘सामान्य दिसावे’ हे उद्दिष्ट नसून त्याला आपले म्हणणे सांगता यावे, सुरक्षित राहता यावे व स्वतःची कामे करता यावीत, हे उद्दिष्ट असावे, असा विवेक या टीकेतून आला. आजच्या कोणत्याही प्रशिक्षणाने तो स्वीकारणे आवश्यक आहे.

४. सहचिकित्सक पालक : उत्तर कॅरोलिनाचा प्रयोग :

एरिक शॉप्लर हे शिकागो विद्यापीठातच शिकलेले. परंतु बेटेलहाइम यांच्या मताच्या नेमक्या विरुद्ध दिशेला ते गेले. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात रॉबर्ट रायशलर यांच्यासमवेत काम करीत असताना १९७१ साली त्यांनी पालकांना ‘सहचिकित्सक’ असे संबोधले. या शब्दातील ‘सह’ हे उपपद विशेष महत्त्वाचे आहे. त्यांच्या केंद्रात पालक एकतर्फी काचेच्या पलीकडून तज्ज्ञाचे काम पाहत. मग स्वतः मुलाबरोबर काम करीत आणि तज्ज्ञ त्यांना पाहत. ज्ञान दोन्ही दिशांनी वाहत होते.

पालकांनी राज्याच्या विधिमंडळाकडे पाठपुरावा केल्यामुळे १९७२ मध्ये हा प्रयोग ‘टीच’ या नावाने संपूर्ण राज्याचा कायमस्वरूपी कार्यक्रम झाला. त्याला शासकीय निधी, विभागीय केंद्रे आणि शाळांतील वर्ग यांची जोड मिळाली. येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. पालकांचे प्रशिक्षण हे त्या राज्यात सेवेच्या ऐवजी आले नाही, सेवेबरोबर आले. पालक घरी करीत असलेल्या कामामागे केंद्र, शिक्षक व निधी उभा होता.

५. भारतातील वाटचाल :

भारतातही या चळवळीचा आरंभ पालकांपासून झाला. स्वमग्न मुलाच्या आई मेरी बरुआ यांनी १९९१ मध्ये नवी दिल्ली येथे ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापन केली आणि १९९४ मध्ये ‘ओपन डोअर’ ही शाळा सुरू झाली. या संस्थेने पालक व मूल यांनी एकत्र येऊन तीन महिने शिकण्याचा कार्यक्रम विकसित केला. देशाच्या निरनिराळ्या भागांतील कुटुंबे दिल्लीत राहून तो पूर्ण करीत. गावी परतल्यावर जवळ कोणतेही केंद्र नसेल, तर पालकाला स्वतःच्या बळावर पुढे जाता यावे, ही त्यामागील भूमिका होती. महाराष्ट्रात डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ मध्ये मुंबईत स्थापन केलेले ‘उमीद’ बालविकास केंद्र आणि पुण्यातील ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’ ही नावे उल्लेखनीय आहेत. मात्र या सेवा प्रामुख्याने महानगरांत एकवटल्या, हे नाकारता येत नाही.

कायद्याच्या पातळीवर वाटचाल अधिक संथ होती. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. त्यांत स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची प्रथम दखल घेतली. निदानासाठी भारतीय मोजपट्टी २००९ मध्ये तयार झाली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेला स्थान मिळाले. शिक्षणहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अशा मुलांचा शाळेवरील हक्क स्पष्ट केला. तरीही २००१ आणि २०११ या दोन्ही जनगणनांत अपंगत्वाच्या प्रकारांत स्वमग्नतेचा स्वतंत्र रकाना नव्हता.

२०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी करणे आणि विकासातील विलंब आढळल्यास जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविणे, ही त्याची योजना आहे. तपासणीच्या यादीत स्वमग्नतेचाही समावेश आहे. परंतु तपासणीने प्रश्न समोर येतो. पुढील प्रत्येक दिवशी घरात काय करावे, याचे उत्तर तपासणी देऊ शकत नाही.

६. गोव्याचा दाखला :

आपल्या भाषिक शेजारातील सर्वांत उद्बोधक प्रयोग गोव्यातील आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने पाकिस्तानातील रावळपिंडी येथील सहकाऱ्यांसमवेत ब्रिटनमधील एका पालक-केंद्रित पद्धतीचे दक्षिण आशियासाठी रूपांतर केले. दोन्ही ठिकाणी मिळून २ ते ९ वर्षे वयोगटातील ६५ मुले या यादृच्छिक चाचणीत होती. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी बारा सत्रे घेतली. आई व मूल खेळत असताना चित्रफीत घेतली जाई आणि नंतर ती आईबरोबर पाहून, मुलाच्या कोणत्या बारीक खुणेला तिने प्रतिसाद दिला व कोणती खूण निसटली, यावर चर्चा होई.

या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात २०१६ मध्ये छापून आले. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या लक्षाशी अधिक जुळू लागला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. त्याच वेळी आई व मूल यांचे परस्पर सामायिक लक्ष राहण्याचा काळ मात्र घटलेला आढळला. संशोधकांनी हा प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध केला, हे महत्त्वाचे. पालक-प्रशिक्षण उपयुक्त आहे, पण ते सर्वरोगहारी नाही. आणि त्याचे परिणाम सतत तपासत राहावे लागतात, असा याचा अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पालक-कौशल्य कार्यक्रमातही २ ते ९ हाच वयोगट असून नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी आहेत. वर्षानुवर्षे आठवड्याला चाळीस तासांच्या मागणीपासून दैनंदिन व्यवहारात गुंफलेल्या शिक्षणापर्यंतचे हे अंतर लक्षणीय आहे.

७. यवतमाळ जिल्हा : गरज आणि वास्तव :

गोव्यात जे साधले ते यवतमाळात जसेच्या तसे साधेल असे मानता येत नाही. यवतमाळ जिल्ह्याचे क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर असून त्यात सोळा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८ असून सुमारे ७८ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. त्यांपैकी स्वमग्न किती, याचे उत्तर जनगणनेत नाही. २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हे प्रमाण केवळ ढोबळ कल्पनेसाठी जिल्ह्याच्या लोकसंख्येस लावले तरी लहानथोर मिळून वीस हजारांहून अधिक व्यक्तींचा आकडा येतो. हा आकडा प्रत्यक्ष मोजणीचा नाही. पण मोजणीच्या रिकाम्या रकान्यामागे किती घरे असू शकतात, याची जाणीव तो करून देतो.

उमरखेड किंवा वणीहून यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावयाचे तर सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. आवाज व गर्दी सहन न होणाऱ्या मुलाला घेऊन एस.टी.ने जाणे म्हणजे काय, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. त्या दिवसाची मजुरीही बुडते. शिवाय जिल्ह्याची भाषा एक नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा परिसरातील तांड्यांवर गोरमाटी, झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागातील पोडांवर कोलामी, तर अनेक गावांत गोंडी बोलली जाते; आणि मराठी म्हणजे वऱ्हाडी. मुलाला एक खूण व एक शब्द शिकवावयाचा असेल तर तो शब्द घरातलाच हवा. प्रमाण मराठीतील पुस्तिका येथे अपुरी पडते.

येथे एक निरीक्षण नोंदवितो. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी वारंवार गैरहजर राहत असे. कारण विचारता तिने लहान भावाविषयी सांगितले. तो बोलत नसे आणि दिवसातून काही वेळा स्वतःचा हात चावून घेई. आई वेचणीला गेली की त्याच्याजवळ हिला थांबावे लागे. बोलता बोलता ती म्हणाली, “सर, आईले माहीत आहे. बाजूची चक्की सुरू झाली का तो हात चावते. मंग ते त्याले मागच्या परसात नेते.” त्या निरक्षर आईने पूर्वघटना, वर्तन व परिणाम या तिन्ही कड्या कोणत्याही प्रशिक्षणाशिवाय ओळखल्या होत्या. चक्की सुरू होण्याआधीच परसात जावे आणि तेथे जाण्याची खूण मुलाला शिकवावी, ही पुढची पायरी मात्र तिला कोणी सांगितली नव्हती. आणि तिचे निरीक्षण खरे आहे, असेही तिला कोणी म्हटले नव्हते. उलट मुलाच्या या अवस्थेचे खापर तिच्याच माथी फोडले जात होते. बेटेलहाइम यांचे नावही ज्या गावाने ऐकलेले नाही, तेथेही आईच आरोपी होती.

हे उदाहरण आणि डोनाल्डच्या वडिलांचे तेहतीस पृष्ठांचे टिपण यांत स्थळकाळाचे मोठे अंतर आहे. पण दोन्हींत पालकाजवळ ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाला मान्यता नाही. म्हणून पालक-प्रशिक्षणाचे पहिले काम शिकविणे हे नसून, पालकाने जे पाहिले आहे ते ऐकून घेणे हे होय.

विदर्भाला अशा कौशल्य-हस्तांतरणाची परंपरा आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारली गेली. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साहाय्याने नैराश्यग्रस्तांना उपचारापर्यंत आणले. या प्रयोगांत गावकऱ्यांना कौशल्य दिले, परंतु त्यांना एकटे सोडले नाही. नियमित देखरेख, साहित्य, मानधन आणि गरज पडताच वरच्या रुग्णालयाचा आधार ही त्यांच्या यशाची अंगे होती.

यवतमाळ जिल्ह्यातही आशा आणि अंगणवाडी सेविका प्रत्येक गावात पोहोचतात. लहान बालकांच्या गृहभेटीत बाळाच्या वाढीबरोबर विकासाचीही विचारपूस अपेक्षित आहे. हाक मारल्यावर वळून न पाहणे, बोटाने वस्तू न दाखविणे, आलेले शब्द जाणे, एवढ्या खुणा जरी त्यांना नेमकेपणाने शिकविल्या तरी मुलाची दोन-तीन वर्षे वाचू शकतील. मात्र आधीच अनेक कामांनी वाकलेल्या या स्त्रियांवर हे काम मोबदल्याविना लादणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :

१) स्वमग्नतेच्या शास्त्राचा पाया पालकांच्या निरीक्षणावर घातला गेला, तरीही सुमारे दोन दशके पालकांनाच दोषी धरले गेले. गावपातळीवर हा दोषारोप आजही निराळ्या शब्दांत टिकून आहे. म्हणून प्रशिक्षणाचा आरंभ दोषमुक्तीपासून व्हावयास हवा.

२) पालकांना प्रशिक्षण दिल्याने मुलाचे शिक्षण घरात टिकते, हे १९७३ पासून गोव्यातील प्रयोगापर्यंत दिसून आले आहे. मात्र त्याचे फळ मर्यादित व मिश्र असते. पूर्ण बरे करण्याचे आश्वासन देणे ही फसवणूक ठरते. शिक्षेवर आधारलेल्या पद्धतींना यात स्थान नसावे.

३) जेथे प्रशिक्षणामागे संस्था, निधी व देखरेख उभी राहिली तेथे पालक सहचिकित्सक झाला. जेथे ती नसते तेथे प्रशिक्षण म्हणजे शासनाची जबाबदारी आईच्या पदरात टाकण्याचा स्वस्त मार्ग ठरण्याचा धोका आहे.

४) यवतमाळ जिल्ह्यात असे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, वेचणीचा हंगाम टाळून, वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी व गोंडीतून दिले जावे. त्यात वडील, आजी व मोठी भावंडे यांचाही सहभाग असावा; अन्यथा भावाला सांभाळणाऱ्या बहिणीचे शिक्षण त्याची किंमत मोजत राहील. जिल्हास्तरीय केंद्रातील तज्ज्ञांनी ठरावीक काळाने तालुक्यात यावे, म्हणजे शंभर किलोमीटरचा प्रवास मुलाला करावा लागणार नाही.

५) पुढील जनगणनेत स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद व्हावी. ज्याची नोंद नाही त्याचा इतिहास लिहिता येत नाही आणि त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही.

समारोप :

सदर विद्यार्थिनीने पदवी पूर्ण केली. तिच्या आईला पुढील पायरी सांगणारे कोणी भेटले की नाही, हे प्रस्तुत लेखकास कळलेले नाही. चक्कीचा आवाज आणि मुलाचा हात यांतील संबंध तिने एकटीने शोधला होता. अशा निरीक्षणांची नोंद घेणारे केंद्र सोळाही तालुक्यांत उभे राहीपर्यंत, ‘सहचिकित्सक’ या शब्दातील ‘सह’ आपल्या जिल्ह्यापुरते तरी अपुरेच राहील.